अर्ज आणि पोच

माझ्या भाच्याला सोडतीतून, पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर, एका खाजगी इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. दाजी नगरपालिकेत सफाईचे काम करतात. गेल्या दिवाळीनंतर शाळेने त्यांना बोलावून सांगितले, "सरकारकडून तुमच्या मुलाचे पैसे आले नाहीत. फी भरा, नाहीतर दाखला घेऊन जा." दाजी मला म्हणाले, "मोठ्यांची शाळा हाय. आपण कशाला भांडायचं?"

मी प्राध्यापक असूनही घरी जाऊन आधी कायदा उघडावा लागला, हे कबूल करतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे बारावे कलम विनाअनुदानित खाजगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना द्यायला लावते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उचलून धरले. २०१४ साली अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र या कायद्यातून वगळल्या गेल्या. या मुलांचा खर्च ठरलेल्या मर्यादेत सरकारने शाळेला परत करायचा असतो. तो थकला तर वाद शाळेचा आणि सरकारचा. त्यात मुलाला ओलीस धरता येत नाही. सोळावे कलम स्पष्ट आहे : प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

हा हक्कही सुखाने टिकलेला नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी शाळेला या जागांतून सूट मिळाली. हे नवे गावकूसच होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले, पण एकट्यासाठी हस्तक्षेप करायचे नाकारले. त्याला शाळा मिळाली नाही. तरीही तो अन्याय आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने अर्ज केला होता.

आज त्या अर्जाच्या पाठीशी कायदा आहे. बत्तिसाव्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. तोंडी बोलण्याला इथे किंमत नाही. शाळा पैसे मागत असेल तर ते लेखी मागावे, असा आग्रह धरावा. अर्ज दिला की शिक्क्याची पोच घ्यावी.

आम्ही तसा अर्ज केला. दाजींनी सावकाश सही केली. निकाल अजून लागायचा आहे. भाचा शाळेत जातो. सहलीच्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते. त्याबद्दलचा दुसरा अर्ज दाजींनी स्वतःच लिहायला घेतला आहे. आपल्यातल्या शिकलेल्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ वस्तीत बसून असे अर्ज लिहून द्यावेत आणि लिहायला शिकवावेत, एवढेच माझे मागणे आहे.