बंद गाडी संस्थेला द्यायची तर

नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि बेलपाड्याला स्वतःचं स्टेशन मिळालं. रोजच्या कामासाठी गाडी काढायची गरज ज्यांची सरली, त्यांची गाडी आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते. कुणाची मुलं परदेशी गेलेली असतात, कुणाकडे गाडी चालवणारे वडीलच राहिलेले नसतात. मग मनात येतं, ही एखाद्या चांगल्या संस्थेला देऊन टाकावी. विचार मोलाचा आहे, पण आपल्याकडे त्याची ठरलेली अशी एक खिडकी नाही.

न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं चित्र वेगळं असतं. तिथे फोन केला की गाडी ओढून नेतात आणि पावती घरी येते. मात्र तिथेही संस्था बहुधा ती गाडी लिलावात विकते. ५०० डॉलरवरच्या गाडीसाठी मिळणारी करसवलत २००५ पासून साधारणपणे लिलावात आलेल्या रकमेपुरतीच असते. म्हणजे तिथेही संस्थेच्या कामी येतात ते पैसे.

आपल्याकडे हा मुद्दा आणखी ठळक आहे. देणगीवरची प्राप्तिकर सवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती फक्त पैशाच्या रूपातल्या देणगीला मिळते. गाडी दिली, तिची किंमत कितीही असो, सवलत शून्य. तीच गाडी विकून आलेली रक्कम ८०जीची मान्यता असलेल्या संस्थेला चेकनं किंवा ऑनलाइन दिली, तर जुन्या करप्रणालीत सवलत मागता येते. रोख दिली तर २,००० रुपयांपर्यंतचीच धरली जाते. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की गाडीला बाजारात बरा भाव येत असेल आणि संस्थेला नेमकी गाडीच हवी नसेल, तर विकून पैसे द्यावेत.

संस्थेला गाडीच हवी आहे का, हे आधी विचारावं. पनवेल तालुक्यात नेऱ्याजवळचं शांतिवन आहे, मुंबई-गोवा रस्त्यावर तारा गावी युसुफ मेहरअली सेंटर आहे. शहरापासून दूर काम करणाऱ्या अशा ठिकाणी वाहन उपयोगी पडू शकतं, पण गरज त्यांनी सांगायची असते. चालक कोण, इंधनाचा आणि विम्याचा खर्च कशातून, हे विचारायला संकोच करू नये. टायर गेलेली, बॅटरी उतरलेली गाडी दारात नेऊन ठेवली, तर संस्थेच्या गळ्यात खर्चच पडतो. द्यायची तर सर्व्हिसिंग करून, चालती द्यावी. ‘हिची रुग्णवाहिका करतील’ ही आशाही सोडून द्यावी. रुग्णवाहिकेसाठी वेगळी मानकं आहेत, साध्या मोटारीत स्ट्रेचर ठेवून ती होत नाही.

संस्थेनं होकार दिला की विश्वस्तांचा ठराव, नोंदणीचं प्रमाणपत्र आणि संस्थेचं पॅन मागून घ्यावं. जंगम वस्तूचं दान ताबा देऊनही पूर्ण होतं, तरी दानपत्र लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात.

यापुढचं काम सर्वांत महत्त्वाचं आणि नेमकं तेच लोक संस्थेवर सोडून देतात. आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं, नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, अपघात झाला तेव्हा मूळ मालकाकडे ताबाही नव्हता. तरी नोंदणी त्याच्या नावावर होती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. संस्थेचा चालक कितीही सावध असला, तरी ही टांगती तलवार डोक्यावर ठेवू नये.

म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० दोघांनी मिळून भरायचे आणि अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून करायचा. राज्यातल्या राज्यात देणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. तो बँकेच्या ना-हरकत पत्रासह फॉर्म ३५ देऊन आधी उतरवावा. थकलेली ई-चलानं भरावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवून घ्यावी. वडिलांच्या नावावरची गाडी असेल, तर फॉर्म ३१ नं ती आधी वारसाच्या नावावर करावी लागते. वारस अनेक असतील तर बाकीच्यांची संमती लागते, त्यात महिने जाऊ शकतात. संस्थेला तारीख देण्यापूर्वी एवढं ध्यानात घ्यावं.

विम्याचं हस्तांतर १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. तुमचा नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं, तर तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला तो वापरता येतो. फास्टॅग बंद करावा, नाहीतर संस्थेचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.

पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाडीचं काय? नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यासाठी तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर लागतो. इंजिन खरंच दमदार असेल तरच हा खर्च करावा. एरवी २०२१ च्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या स्क्रॅपिंग केंद्रात ती द्यावी. तिथून मिळालेलं ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) नव्या गाडीच्या खरेदीत सवलतीसाठी चालतं. भंगाराचे पैसे संस्थेला द्यावेत. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी आरटीओच्या दफ्तरी तुमच्याच नावावर जिवंत राहते.

चावी दिल्यावर पोचपावतीवर तारीख आणि वेळ लिहून घ्या. काही आठवड्यांनी एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचं नाव बदललं का ते पाहा. बदललं नसेल तर संस्थेला फोन करा आणि अर्जात काय अडलंय ते दोघं मिळून सोडवा.