रुप्याच्या जुन्या नाण्यांवरील नैसर्गिक छटा व त्यांचें मोल

जुनें रुप्याचें नाणें हातीं आलें म्हणजे तें प्रथम घांसून लख्ख करावें, ही बुद्धि संग्राहकांत अद्याप दिसून येते. पूजेचीं चांदीचीं उपकरणीं चिंचेनें वा रांगोळीनें घांसण्याची आपल्याकडील चाल जुनी असल्यामुळें, काळवंडलेलें रुपें म्हणजे मळलेलें रुपें असा समज सहज होतो. नाण्यांच्या बाबतींत हा समज घातक आहे. जुन्या कागदावरील डाग खरवडण्यास जो संशोधक धजणार नाहीं, तोच नाण्याचा पृष्ठभाग निःशंकपणें घांसतो, व त्यायोगें ऐतिहासिक साधनाची आणि स्वतःच्या संग्रहाचीही हानि करून घेतो. यास्तव ही छटा कशी उत्पन्न होते व ती मोलांत भर केव्हां घालते, याचें थोडें विवेचन येथें करावयाचें आहे.

रुपें लोखंडाप्रमाणें गंजत नाहीं. त्यावर परिणाम होतो तो मुख्यतः गंधकाचा. कोळशाचा धूर, लोंकर, रबर, हलक्या प्रतीचा पुठ्ठा यांतून गंधकयुक्त वायु अत्यल्प प्रमाणांत निघत असतात. त्यांच्या योगें नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा चढतो. आरंभीं तो एका मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून, पाण्यावरील तेलाच्या तवंगाप्रमाणें, रंग दिसूं लागतात. प्रथम फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, पुढें निळा असा क्रम लागतो. पापुद्रा फार जाड झाला म्हणजे शेवटीं काळेपणा येतो.

छटेचें मोल केवळ तिच्या सौंदर्यांत नाहीं. टांकसाळींत ठशाखालीं धातु दाबला जातांना पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात व त्यांमुळें नव्या नाण्यास विशिष्ट लकाकी येते. पातळ छटेखालीं ही लकाकी कायम राहते. नाणें उजेडांत तिरपें फिरविलें असतां ती चाकाच्या आऱ्यांप्रमाणें फिरतांना दिसते. अशी छटा म्हणजे पृष्ठभागास दीर्घकाळ कोणाचा हात लागला नसल्याची साक्ष होय. घांसल्यानें बारीक ओरखडे पडतात. रासायनिक द्रवांत बुडविल्यानें पापुद्र्याबरोबर रुप्याचा अंशही जातो. गेलेली लकाकी पुन्हां आणतां येत नाहीं.

बाजारांत या छटेस किती मान मिळूं शकतो, याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील मॉर्गन डॉलरचें आहे. हे डॉलर १८७८ ते १९०४ व पुन्हां १९२१ सालीं पाडले गेले. त्यांतील पुष्कळसे हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत सरकारी तळघरांत कित्येक दशकें पडून होते. ज्या नाण्यांची बाजू कापडास टेंकून राहिली त्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग चढले. शेजारच्या नाण्यानें झांकलेला भाग मात्र पांढरा राहून त्याच्या कडेस चंद्रकोर उमटली. सामान्य सालाच्या अशा डॉलरासही साध्या डॉलराच्या कित्येक पट किंमत येते. याच लोभानें रसायनें व उष्णता वापरून खोटे रंग चढविण्याचा धंदा उद्भवला. त्यामुळें नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या तेथील संस्था कृत्रिम छटेच्या किंवा घांसलेल्या नाण्यास नेहमींची प्रत देत नाहींत.

आपल्याकडील रुपयांस हा न्याय विचारपूर्वक लावावा. कंपनी सरकारनें १८३५ सालीं सुरू केलेला रुपया १८० ग्रेन वजनाचा असून त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग रुपें होतें. हें प्रमाण १९३९ पर्यंत टिकलें. पुष्कळ चलनांत राहून झिजलेल्या अशा सामान्य रुपयास छटेमुळें फारशी किंमत चढत नाहीं. अंकुशी, चांदवडी इत्यादि मराठेशाहींतील रुपयांची गोष्ट निराळी. त्यांचा ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें फारसी लेखाचा कांहीं भागच नाण्यावर उतरतो. खोलगट जागीं सांचलेला काळसरपणा व उंचवट्यांचा उजळपणा यांच्या विरोधानें तीं अपुरीं अक्षरें वाचतां येतात. घांसल्यावर हा आधार जातो, आणि सराफांनीं परीक्षेसाठीं मारलेल्या बारीक खुणाही पुसट होतात.

भूमिगत निधींतील नाण्यांस मात्र वेगळा नियम लागतो. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक नाणीं सांपडलीं. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे. अशा नाण्यांवर कोणता ठसा खालीं व कोणता वर, हें पृष्ठभागावरूनच ठरतें. मातींतील क्षारांनीं चढलेलें जाड पुट ही शोभेची छटा नव्हे. तें काढणें कधीं आवश्यक असतें, पण तें काम संग्रहालयांतील तज्ज्ञांकडे सोंपवावें.

खऱ्या छटेंत एक रंग दुसऱ्यांत हळूहळू मिसळतो व पृष्ठभागांत मुरल्यासारखा वाटतो. भडक, एकाएकीं तुटणारे अथवा ओरखड्यांवरूनही सारखेच पसरलेले रंग दिसल्यास संशय धरावा. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं नाणीं पोथ्यांच्या कपाटांत पुठ्ठ्यांत वा लोंकरी कापडांत ठेवूं नयेत. कोरड्या जागीं, गंधकरहित कागदाच्या वेष्टनांत ठेवावींत व कडेनेंच धरावींत. ज्या नाण्याविषयीं निर्णय होत नसेल तें आहे तसेंच राहूं द्यावें; पुढील अभ्यासकास तें वाचण्याची संधि त्यामुळें उरते.