ईदचा माल आणि चांद्र वर्षाचा हिशेब

रमजानचे वीस रोजे उलटले की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. पूर्वी घरची माणसे शाबानमध्येच कापड घेऊन शिंप्याकडे टाकीत. आता तयार कपड्यांचा जमाना आला आणि खरेदी शेवटच्या दहा दिवसांवर, त्यातही चाँदरातीवर येऊन ठेपली. इबादतीच्या मोलाच्या रात्री बाजारात जातात, अशी खंत बुजुर्ग बोलून दाखवतात. ती खोटी नाही. पण त्यात दुकानदाराचेही हित नाही, हे आम्हाला येथे सांगायचे आहे. विक्री जितक्या थोड्या दिवसांत कोंबली जाते, तितका उरलेल्या मालाचा धोका वाढतो. २०२० आणि २०२१ या दोन्ही ईदा निर्बंधांत गेल्या, तेव्हा आधीच भरून ठेवलेला माल दुकानातच पडून राहिला.

दुसरी अडचण तारखेची. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. दिवाळीही मागे सरकते, पण अधिक महिना तिला पुन्हा जागेवर आणतो; ईदला तशी सोय नाही. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येत ती सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरते. गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख पाहून ऑर्डर देणारा तीन वर्षांत महिनाभर मागे पडतो.

वहीतही याचा घोळ होतो. २०२४ ची रमजान ईद ११ एप्रिलला आणि २०२५ ची ३१ मार्चला झाली. म्हणजे २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात दोन ईदांची विक्री चढली. त्या आकड्यावर कोणी कर्जाची मर्यादा वाढवून घेतली असेल, तर एकाच ईदच्या वर्षात हप्ते जड जाणारच. धंदा वाढला नव्हता, चंद्र सरकला होता!

२००४ ते २००६ या काळात ईद आणि दिवाळी काही दिवसांच्या अंतराने आल्या. अशा वेळी गिऱ्हाईक दोन्हीकडचे असते, पण कारागीर तेवढेच. आता ईद हिवाळ्याकडे निघाली आहे. २०३० मध्ये रमजान जानेवारीत सुरू होईल आणि पुन्हा डिसेंबरअखेर. गावाकडे तेव्हा कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आलेला असतो; जूनमधल्या ईदला पेरणी आणि शाळेची फी यांतच तो संपे.

या साऱ्यात कारागिराचे काय? जरीकाम, शिलाई करणाऱ्याला मजुरी नगावर मिळते. ईदच्या भावातली तेजी त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. घाई मात्र पोहोचते. उचल घेऊन तो रात्रपाळी करतो आणि ईदनंतर महिनाभर रिकामा बसतो. जे दुकानदार रजबमध्येच निम्मे काम देऊन मजुरी चुकती करतात, त्यांना माल वेळेवर मिळतो आणि शिलाईही बरी उतरते. शेवटच्या आठवड्यातला कुर्ता पहिल्या धुलाईतच उसवतो, हे गिऱ्हाईकही आता ओळखू लागले आहे.