शेकोटीचा खड्डा असा बांधा



पौषात गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि थंडीही. रात्री पाणी धरणारा शेतकरी, तळावरचे तोडणी कामगार, गाडीवान, सगळेच हात शेकायला काटक्याकुटक्या पेटवतात. त्यात वावगे काही नाही. पण बांधावर, पाचटाशेजारी, जागा मिळेल तिथे पेटवलेली शेकोटी म्हणजे वर्षाच्या कष्टाशी खेळ. ठिणगी फडात गेली की ऊस जळतो. जळीत उसाचे वजन दिवसागणिक घटते, साखरेचा उतारा पडतो. तो ऊस पाळी मोडून आधी तोडावा लागतो, म्हणजे शेजारच्या सभासदाचा ऊस मागे राहतो. म्हणून वस्तीवर शेकोटीचा पक्का खड्डा बांधून घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. काम एका दिवसाचे आहे.

जागा : उभा ऊस, कडब्याची गंजी, गोठा आणि कोपी यांपासून निदान 50 फूट लांब. डोक्यावर विजेची तार किंवा झाडाची फांदी नको. वारा गंजीकडे वाहत असेल तर जागा बदला. भोवतीचे 6 फूट गवत खरवडून काढा.

खोदाई : मधे खुंटी ठोकून 2 फूट दोरीने वर्तुळ आखा आणि 16 इंच खोल खणा. तळाला 4 इंच मुरूम व खडी घालून चोपा. काळी जमीन ओलीने फुगते, उन्हाने भेगाळते. मुरूम नसेल तर बांधकाम हलते आणि पाणीही साठते.

बांधकाम : आतला व्यास 3 फूट धरा. एका थराला साधारण 12 विटा, असे 7 थर. चार जमिनीखाली, तीन वर. फुटतूट धरून 90 विटा पुरतात. वीट पक्की भाजलेली घ्या. ओढ्यातले गोटे लावू नका. त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात, कपच्या अंगावर उडतात. सिमेंटचा सांधाही आचेने फुटतो, त्यापेक्षा चिकणमाती, वाळू आणि थोडा भुसा यांचा गारा बरा. जमिनीलगतच्या थरात तीन ठिकाणी दोन-दोन बोटांची फट ठेवा. हवा खेळली की धूर कमी होतो. आठवडाभर वाळू द्या आणि पहिला जाळ बेताचाच करा.

जळण : वाळलेली बाभूळ, तुराट्या, पऱ्हाटी, गोवऱ्या चालतील. पाचट मात्र कदापि नको. ते भुरकन पेटते आणि जळती पाती वाऱ्यावर उडतात. पाचटाची जागा रानात आहे. तिथे ते ओल धरते आणि कुजून खत होते. टायर, प्लॅस्टिक, औषधांचे डबे यांचा धूर विषारी असतो, तेही टाकू नका. ज्वारी हुरड्यात आली की याच खड्ड्यात गोवऱ्यांचा आर करून कणसे भाजता येतील.

विझवणे : पेटवण्याआधीच पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा. उठताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. नुसती माती लोटली तर आत निखारा धुमसत राहतो. राख पूर्ण गार झाल्यावरच उकिरड्यात टाका.

आपल्या रानात तोडणीची टोळी उतरली असेल तर त्यांनाही असा एक खड्डा करून द्या. त्यांच्या कोप्या पाचटाच्या, चटईच्या असतात आणि आत लेकरे निजलेली असतात. ऊस पुढच्या साली पुन्हा येतो, जीव येत नाही.