युरोपचा पैसा सुरतमध्ये काय ठेवून गेला?



2025 च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सरकारने जाहीर केलं की परदेशांना दिली जाणारी मदत 2027 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर आणली जाईल. नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स यांनीही हात आखडता घेतला आहे. अशी कपात झाली की लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या कामाला त्याची झळ लवकर बसते. 2021 मध्ये ब्रिटनने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीला गर्भनिरोधक साधनांसाठी कबूल केलेली 15 कोटी 40 लाख पौंडांची रक्कम जवळपास 2 कोटी 30 लाखांवर आणली होती. म्हणजे शंभरातले पंचाऐंशी पौंड गेले.

ही बातमी मी आमच्या महिला गटात वाचून दाखवली, तेव्हा एका ताईंनी सरळ विचारलं, "त्याचं आपल्याला काय? आपण तर सुरतला राहतो." प्रश्न रास्त आहे. पण मी काही वर्षं उधना-लिंबायत भागात आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम केलं आहे. माझं तेव्हाचं मानधन कुठून येत होतं ते मला माहीत आहे, म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट लिहायचं ठरवलं.

आधी एक गैरसमज दूर करू. हा विषय परदेशातून आपल्यावर लादलेला आहे, असं अनेकांना वाटतं. पण र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र 1921 मध्ये सुरू केलं. जगभर या क्षेत्रात काम करणारी, आज लंडनमध्ये मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय कुटुंब नियोजन महासंघ ही संस्थासुद्धा 1952 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या परिषदेत जन्मली. धन्वंती रामा राव त्यात पुढे होत्या. स्वीडन, नेदरलँड्स, ब्रिटन आणि पश्चिम जर्मनीच्या संघटना संस्थापकांत होत्या. पुढे याच देशांची सरकारं या कामाची मोठी देणगीदार झाली.

1994 चा सप्टेंबर जुन्या सुरतकरांना विसरता येणार नाही. प्लेगच्या बातमीने अर्धं शहर स्टेशनकडे धावलं होतं. त्याच महिन्यात कैरोमध्ये जगातल्या 179 देशांची लोकसंख्या परिषद झाली होती. तिथे ठरलं की बाईला आकड्यांच्या उद्दिष्टासाठी वापरायचं नाही. मूल कधी, किती, हा निर्णय तिचा. भारताने 1996 च्या एप्रिलपासून कुटुंब नियोजनाची ठरवून दिलेली उद्दिष्टं काढली. इकडे सुरतने प्लेगनंतर गटारं आणि रस्ते साफ केले, आणि शहराचं नाव झालं. पण दुसरा एक आजार गटारात दिसणारा नव्हता.

आपलं शहर कसं आहे ते वाचकांना सांगायला नको. सुरत-भुसावळ गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची माणसं उतरतात. ओडिशातल्या गंजामकडून हजारो तरुण येतात. एका खोलीत दहा-बारा जण राहतात, दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच जागी झोपतात. बायको गावाला. सरकारी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 2000 मध्ये शहरातल्या वेश्यावस्तीतल्या बायकांची तपासणी केली, तेव्हा सुमारे 43 टक्के बायकांना एचआयव्हीची लागण आढळली. हा आकडा त्या बायकांपुरता नव्हता. तो लूमच्या खोल्यांतून आखाजीला आणि दिवाळीला खान्देशातल्या घरांत जाऊ शकत होता.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा दुसरा टप्पा 1999 मध्ये सुरू झाला. त्यात ब्रिटन सरकारच्या डीएफआयडी या खात्याने गुजरातसह काही राज्यांना मदत केली. त्या पैशातून मोठी इमारत उभी राहिली नाही. गुप्तरोगाचे छोटे दवाखाने चालले, कंडोम वाटले गेले आणि वस्तीतल्याच माणसांना मानधन मिळालं. वेश्यावस्तीत तिथलीच बाई, लूमच्या खोलीत तिथलाच कामगार. बाहेरचा शिकलेला माणूस जे दहा वेळा सांगून पटवू शकत नाही, ते शेजारच्या खाटेवरचा एकदाच सांगतो.

मला त्या काळातली आपल्या बाजूची एक बाई आठवते. नवऱ्याच्या मागे सुरतला आली, घरी साड्यांना लेस लावायची. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तपासणीत एचआयव्ही निघाला. तिने मला विचारलं, "मी तर घराबाहेरही पडले नाही, मग मला कसा?" याचं उत्तर देणं फार जड गेलं. बाळंतपणाच्या वेळी तिला नेव्हिरॅपिनची गोळी दिली, बाळाला त्याच औषधाचे थेंब. अठरा महिन्यांनी बाळाची चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. नीट उपचार मिळाले तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. या दोन आकड्यांच्या मध्ये ते बाळ होतं.

ज्यांची बाळं वाचली नाहीत, म्हणजे ज्यांना लागण झालीच, त्यांच्यासाठी दुसरी साखळी तयार झाली. 2006 च्या जुलैपासून फ्रान्सने विमानाच्या तिकिटावर छोटा कर बसवला. साध्या वर्गाने देशात किंवा युरोपात जाणाऱ्याला एक युरो, लांबच्या प्रवासाला चार. फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे, ब्राझील आणि चिली यांनी मिळून युनिटएड ही संस्था काढली, आणि त्या पैशातून मुलांसाठीची एचआयव्हीची औषधं घेतली गेली. त्यातली बरीचशी भारतीय कारखान्यांत बनलेली, स्वस्त. मुंबईच्या सिप्लाने 2001 मध्येच मोठ्यांची औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली होती. भारतात मुलांच्या उपचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम 2006 च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाला, तेव्हा युनिटएडच्या पैशातली औषधं आपल्या मुलांपर्यंतही आली. पॅरिसच्या विमानतळावर तिकीट काढणाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

मग हा पैसा गेला कुठे? तो हळूहळू निघून गेला, आणि काही प्रमाणात आपणच त्याला निरोप दिला. 2003 मध्ये भारत सरकारने ठरवलं की मोजक्या मोठ्या देणगीदारांखेरीज इतर देशांकडून थेट सरकारी मदत घ्यायची नाही. त्यामुळे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्ससारख्या देशांची मदत आटोपली. ब्रिटननेही 2012 मध्ये जाहीर करून 2015 पर्यंत भारताला अनुदान देणं थांबवलं. राष्ट्रीय एड्स कार्यक्रमाच्या 2021 ते 2026 या काळासाठी 15,471.94 कोटी रुपयांची तरतूद केंद्र सरकारने स्वतः केली. सुरतमध्ये नव्या सिव्हिलमध्ये आणि स्मीमेरमध्ये औषध फुकट मिळतं. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांचं गुजरातभरचं संघटन सुरतमधूनच उभं राहिलं. देशात आज सुमारे 25 लाख माणसं एचआयव्हीसह जगतात, पण प्रौढांमधलं प्रमाण 0.2 टक्क्यांवर आहे. बाहेरचा पैसा गेला, तरी काम बुडालं नाही. कारण ते उचलायला आपल्याकडे सरकारी दवाखाने होते, शिकलेली माणसं होती आणि दहा-पंधरा वर्षांची सवड होती.

पण सगळंच उचललं गेलं असं नाही. मी काम करत होते त्या संस्थेचा प्रकल्प संपला तेव्हा एका महिन्यात कार्यालयाला कुलूप लागलं. नोंदवह्या पोत्यात भरल्या गेल्या. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळत राहिल्या, पण खोलीवर जाऊन "ताई, या महिन्यात गेली नाहीस का?" असं विचारणारी बाई घरी बसली. औषधाचा खर्च सरकारी कागदावर चढतो, तिचा वेळ चढत नाही.

आणि परदेशी पैसा आला म्हणजे सगळं चांगलंच झालं, असंही म्हणता येणार नाही. 2012 मध्ये ब्रिटनच्या वृत्तपत्रांत टीका झाली की त्यांच्या करदात्यांच्या पैशाचा आधार असलेल्या कार्यक्रमात बिहार-मध्य प्रदेशात बायकांच्या नसबंदीची शिबिरं वाईट अवस्थेत होतात. कैरोत ठरलेली निवड त्या शिबिरांत कुठे होती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के बायकांची नसबंदी झालेली आढळली, आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असूनही हा फरक आहे. तो कुठल्याही युरोपीय सरकारच्या पैशाने भरून निघणारा नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. आजची कपात सुरतपेक्षा आफ्रिकेतल्या गरीब देशांना जास्त बसणार आहे, कारण तिथे हे काम उचलायला सरकारी तिजोरीत पैसा नाही आणि सवडही दिली जात नाही. 2025 मध्ये बेल्जियममधल्या गील गावच्या गोदामात अमेरिकेच्या पैशाने घेतलेली सुमारे 97 लाख डॉलरची गर्भनिरोधक साधनं पडून होती, आणि ती जाळून टाकायचा घाट घातला गेला. ती ज्यांच्यासाठी होती त्या बायका आपल्या लेस लावणाऱ्या बाईसारख्याच आहेत. त्यांना आपल्या इतका वेळ मिळालेला नाही, हे आपण तरी ओळखायला हवं.

आणि आपल्यासाठी? दवाखाना आहे, औषध आहे; घरात बोलणारं माणूस कमी पडतं. त्याला फार पैसा लागत नाही. मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर ताईंना बोलवावं. कॉपर-टी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी या सगळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या गोष्टी त्यांनी समजावून सांगाव्यात. गणेशोत्सवात पुरुषांसाठीही तासभर ठेवावा, नसबंदीवर आणि एचआयव्हीवर. घरात दिवस गेलेली सून-मुलगी असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच तिची एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत असते आणि अहवाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. शंका असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही.

आणि ज्यांचे भाऊ, दीर, भाचे गावाहून एकटे येऊन लूमवर राहतात, त्यांनी रविवारी त्यांना घरी जेवायला बोलवावं. जेवण झाल्यावर घरातल्या एखाद्या थोरल्या पुरुषाने त्यांच्याशी हा विषय काढावा. आमच्या प्रकल्पात हेच काम करायला माणूस नेमलेला असायचा.