दोन चित्रांच्या मधली जादू

एका माणसाची दोन चित्रं. पहिल्यात मान उजव्या खांद्याकडे कललेली, दुसऱ्यात डाव्या. मध्ये एकही चित्र नसेल, तर वाटतं, जबर तडाख्यानं मान मोडायचीच बाकी राहिली! मध्ये एक चित्र घाला, कुणीतरी वीट मारलेली दिसते. तीन घाला, तो वीट चुकवताना दिसतो. नऊ घातली की तो विचारात पडतो आणि दहा घातली की आखडलेली मान मोकळी करू लागतो. टोकाची चित्रं मात्र तीच!

ही करामत फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या मुरब्बी अ‍ॅनिमेटरांनी 1981 मध्ये ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या जाडजूड ग्रंथात उलगडून दाखवली. पात्र जिवंत होतं ते चित्रांच्या संख्येतून आणि त्यांच्यातल्या अंतरातून, हे वाचताना थक्क व्हायला होतं.

साधा उसळता चेंडू घ्या. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम धावतात. एकेक चित्र दोन फ्रेम दाखवलं, तर सेकंदाला 12 चित्रं पुरतात. उसळीच्या माथ्यावर चेंडूची चित्रं एकमेकांवर चढतील इतकी दाटीनं काढायची, जमिनीकडे येताना लांब लांब. झालं, गुरुत्वाकर्षण दिसू लागतं! आपटल्यावर चेंडू चपटा करायचा, पण जेवढा चपटा तेवढाच रुंद. नाहीतर त्यातली हवाच गेल्यासारखी वाटते.

रिचर्ड विल्यम्स यांच्या 2001 च्या ‘द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’मध्ये हेच सूत्र चालण्याला लावलेलं सापडतं. पावलाची दोन्ही टोकं तशीच ठेवून, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो त्या मधल्या चित्रात शरीर वर किंवा खाली घेतलं, की चालणाऱ्याचा स्वभावच पालटतो.

पूर्वी ही विद्या गुरूच्या शेजारी बसूनच मिळायची. 1956 मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला आले आणि राम मोहन यांच्यासारखे तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले. असा गुरू सगळ्यांच्या वाट्याला कुठला? म्हणून या पुस्तकांचं मोल मोठं. मात्र ती नुसती वाचून भागत नाही. पेन्सिल घ्या, वहीच्या कोपऱ्यांवर चेंडू काढा, पानं फरफर उलटा. चेंडू जड वाटला नाही, तर चित्रांमधलं अंतर बदला आणि पुन्हा उलटा. हा धडा बोटांनीच गिरवायचा असतो.