मधल्या पट्ट्यातील इंग्रजी शब्द

प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह म्हणजे क्वचितच कानावर पडणाऱ्या भारदस्त शब्दांचा साठा, ही समजूत स्पर्धा-परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांनी इतकी घट्ट रुजवली आहे की सौंदर्यासाठी ‘पल्क्रिट्यूड’ हा शब्द पाठ असलेला विद्यार्थी ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ यांतील भेदापाशी मात्र अडखळतो. पहिला शब्द वर्षभर वर्तमानपत्र वाचूनही बहुधा भेटणार नाही. उरलेले दोन कोणत्याही अग्रलेखात वा न्यायालयीन निकालात भेटू शकतात. खरी अडचण या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांची आहे.

भाषेतील शब्दांचा वापर अत्यंत विषम असतो. थोडे शब्द सतत येतात आणि बाकीचे असंख्य शब्द विरळ येतात. या विषमतेचा अध्यापनासाठी पद्धतशीर उपयोग करणाऱ्यांपैकी मायकेल वेस्ट यांनी अविभाजित बंगालमध्ये, ढाका येथे, शिक्षणक्षेत्रात काम केले होते आणि भारतीय विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे, असे त्यांचे मत होते. त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ या यादीत सुमारे २,००० मूलभूत शब्द आहेत. पुढे २००० मध्ये न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक लेखनाचा संग्रह तपासून ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ तयार केली. तीत ५७० शब्दकुले आहेत. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून साधलेली रूपे, जसे ‘अझ्यूम’, ‘अझ्यूम्ड’, ‘अझम्प्शन’. कॉक्सहेड यांच्या संग्रहात वेस्ट यांच्या यादीने सुमारे ७६ टक्के मजकूर व्यापला, तर या ५७० कुलांनी आणखी सुमारे १० टक्के. एवढ्या लहान यादीसाठी ही व्याप्ती मोठीच आहे, तरीही दर सात शब्दांमागे साधारण एक शब्द या दोन्ही याद्यांच्या बाहेर राहतो.

त्याच देशातील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाच्या आधाराविना समजण्यासाठी त्यातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुले लागतात. टक्क्यांतील किरकोळ वाटणारा फरक पानावर मोठा होतो: ३०० शब्दांच्या पानावर ९८ टक्के ओळख असेल तर सहा शब्द अनोळखी राहतात, ९५ टक्के असेल तर पंधरा, आणि पंधरा अडथळे ओलांडत वाचणारा वाचक लवकरच पुस्तक मिटतो. शाळेत पदरी पडलेली दोन-तीन हजार कुले आणि ही नऊ हजारांची मर्यादा यांच्या मधला जो पट्टा आहे, तेथेच प्रगत शब्दसंपदा घडते.

या पट्ट्यातील बरेच शब्द फ्रेंच, लॅटिन वा ग्रीक कुळातील आहेत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभार आणि न्याय यांच्या भाषेत फ्रेंच शब्द आले, प्रबोधनकाळी विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून भर घातली, आणि एकाच अर्थाभोवती थर साचले. ‘आस्क’ हा मूळ इंग्रजी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिन वळणाचा; पहिला घरगुती, तर शेवटचा पोलीस चौकीतला. ‘घर’, ‘गृह’ आणि ‘इमारत’ हे शब्द आपापल्या जागी वापरणाऱ्या मराठी वाचकाला ही थरांची जाण नव्याने शिकवावी लागत नाही.

धातू आणि उपसर्ग यांची युक्तीही त्याला परकी नाही. आहार, विहार, प्रहार, संहार यांत एकच ‘हृ’ धातू असतो, तसा ‘पाहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू ‘इन्स्पेक्ट’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘सस्पेक्ट’, ‘रिस्पेक्ट’ यांत आहे. नॉर्मन लुइस यांच्या १९४९ च्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ या पुस्तकाची भारतातील लोकप्रियता बरीचशी याच पद्धतीवर उभी आहे. परंतु ‘हृ’ ठाऊक असल्याने जसा ‘विहार’ या शब्दाचा अर्थ आपोआप कळत नाही, तसा धातूवरून इंग्रजी शब्दाचा अर्थही निश्चित करता येत नाही. व्युत्पत्ती कळलेला अर्थ लक्षात ठेवायला मदत करते, न कळलेला अर्थ सांगत नाही.

लक्षात ठेवण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि नंतर विस्मरणाचा वेग मंदावतो. म्हणून एका बैठकीत पन्नास शब्द घोकण्यापेक्षा तेच शब्द वाढत्या अंतराने आठवून पाहणे हिताचे ठरते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेल्या पेटीपद्धतीत आठवलेल्या शब्दाचे कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, विसरलेल्याचे पहिल्या कप्प्यात परतते. आजची बरीच कार्ड-ॲप्स हेच तत्त्व वापरतात.

मात्र कार्डावर एकाकी उभा असलेला शब्द वापरता येईलच असे नाही. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, चहा ‘स्ट्राँग’ असतो, गुन्हा ‘कमिट’ केला जातो. अशा ठरलेल्या सोबतीला सहप्रयोग म्हणतात आणि एकेकाळी लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे जे. आर. फर्थ यांनी या संकल्पनेला भाषाशास्त्रात स्थान मिळवून दिले. मराठीत शपथ घेतली जाते आणि पैज लावली जाते, याचे कारण विचारत कोणी बसत नाही. इंग्रजीतही ते विचारण्यात अर्थ नाही, जोडी जशीच्या तशी उचलावी लागते. परीक्षाही आता त्या दिशेने सरकल्या आहेत: जीआरईतून २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले आणि २०१६ च्या नव्या सॅटने दुर्मीळ शब्दांऐवजी संदर्भातील अर्थावर भर दिला.

शब्दाची सोबत दाखवणारा कोश म्हणून ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थी-कोश, जो प्रथम १९४२ मध्ये जपानमध्ये छापला गेला आणि आज ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने ओळखला जातो, प्रत्येक इंग्रजी वाचकाने हाताशी ठेवावा, आणि त्यातील उदाहरणवाक्य वाचल्याशिवाय कोणताही नवा शब्द वहीत उतरवू नये.